दोनशेत भागवलं

मी आठशे माणसं मागितली होती. बड्या डॉक्टरांनी दोनशेत भागवलं. गुडघेदुखीवरच्या नव्या गोळीची चाचणी होती, आणि किती रुग्ण घ्यायचे हा हिशेब माझा, संख्याशास्त्रवालीचा. गोळीचा गुण मोठा धरला की कमी माणसं पुरतात. म्हणून रुग्ण दोनशेच मिळणार म्हटल्यावर त्यांनी गोळीचा अपेक्षित गुण फुगवत नेला, संगणक मुकाट्याने दोनशे म्हणेपर्यंत. आधी चप्पल घ्यायची आणि मग तिच्या मापाने पाय कापायचा!

आजच्या बैठकीत कळलं की नव्या गोळीवाल्या शंभरांत तिघांच्या हृदयाचे ठोके बिघडलेत, औषध नसलेल्या, नुसत्या साखरेच्या गोळीवाल्या शंभरांत एकाचे.

"फरक सिद्ध होत नाही," बडे डॉक्टर म्हणाले. "म्हणजे धोका नाही. चालू ठेवा."

"सिद्ध होणार कसा?" माझा पारा चढला. "धोका तिप्पट असला, तरी इतक्या कमी माणसांत तो बहुतेक वेळा निसटतो. सापडला नाही म्हणजे नाहीच, असं कुठे असतं, सर?"

"तुम्हाला काय, सगळं जगच मोजायला हवं," ते म्हणाले आणि सगळे हसले.

मला हसू येईना. त्या दोनशेंत माझी ताई होती. मला न विचारता नाव देऊन आली होती शहाणी. आम्हाला दिसायचे ते गटांचे आकडे; कोणाला कुठली गोळी, हे शेवटपर्यंत गुलदस्त्यात.

बाहेर येऊन तिला फोन लावला.

"थांब, नळ बंद करते," ती म्हणाली. लहानपणापासून माझ्यामागे नळ बंद करत फिरणारी ती. "हं, बोल."

"ताई, ती गोळी थांबव."

"का म्हणून? गुडघे कसे गप्प बसलेत! काल जिना एका दमात चढले."

"छातीत धडधडतं का?"

ती जरा घुटमळली. "दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. खालीच बसले."

"चाचणीवाल्यांना सांगितलंस?"

"वेडी का गं तू? सांगितलं की काढून टाकतात. आणि दोनशेंतल्या एकीने नाही सांगितलं, तर काय बिघडलं?"

ती नव्या गोळीवाली असेल, तर तिघांचे चार झाले होते. अशा न सांगणाऱ्या आणखी किती असतील?

"आत्ताच्या आत्ता खाली बस. मी निघाले."

"उगाच घाबरवू नकोस. एवढी भांडी उरकते." नळ सुरू झाला. मग काहीतरी जड पडलं.

"ताई?"

मी पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. पलीकडे नळ वाहतच होता.