शेणाच्या गाडीतून शेतात आलेली खापरी

मी बोलतेय. म्हणजे नक्की कोण बोलतंय, हे मलाही नीटसं कळत नाही. अख्खी होते तेव्हा मी हंडी होते. आता तळाचा एवढासा तुकडा उरलाय. त्याला 'मी' म्हणायचं की बाकीच्या तुकड्यांचीही वाट बघायची, देव जाणे.

कुंभारानं मातीत शिंपल्यांचा चुरा कालवून मला घडवलं, एवढं आठवतं. मग एमट नावाच्या बाईच्या चुलीवर माझा संसार सुरू झाला. रोज वाटाणे, रोज ओट, कधीमधी डुकराच्या चरबीचा तुकडा. धुरानं मी काळीठिक्कर पडले.

एके दिवशी एमटचा नवरा हॅमो अंधारात धडपडला आणि मी फुटले.

"अहो, डोळे काय बाजारात विकून आलात का?" एमट कडाडली.

"चुलीपुढे हंडी ठेवतं का कोणी?" हॅमोनं उलट विचारलं.

"मग काय डोक्यावर ठेवू तुमच्या?"

भांडण त्यांचं, उकिरड्यावर मात्र मी! राख, शेण, हाडकं, सगळ्यांच्या पोटात मी मुरत पडले. त्या गावाची रीतच तशी होती. घरातला केरकचरा शेणात टाकायचा आणि वसंतात गाडी भरून शेतात पसरायचा. मीही गेले. त्यानंतर किती शतकं गेली, किती नांगर अंगावरून गेले, मोजदाद नाही. कडा झिजून गुळगुळीत झाल्या.

मग अगदी अलीकडे, नांगरट झाल्यावर, माणसं रांगेनं शेतात आली. सगळ्यांच्या माना खाली. मला वाटलं, कोणाचं तरी काहीतरी हरवलंय.

आणि हरवलंच होतं. रांगेतल्या डल्सी नावाच्या म्हातारीचा नवरा विल्फ नुकताच वारला होता. गाव पहिल्यांदा याच टेकाडावरच्या शेतात वसलं, असं तो जन्मभर सांगत आला आणि दारूच्या गुत्त्यात सगळे त्याला हसत आले. सगळ्यात जास्त हसायचा शेजारी क्लेमंट; त्याच्या मते गाव वसलं ते देवळाजवळ. आता गावाच्या हिरवळीवर इतिहासाची पाटी लागणार होती आणि मजकूर क्लेमंटच्या हातात होता. तो डल्सीला म्हणाला होता, "त्या शेतात एक जरी जुनं खापर दाखवलंस, तर पाटीवर विल्फचंच म्हणणं लिहीन. जा!"

डल्सीनं मला उचललं, थुंकी लावून पुसलं आणि किंचाळलीच, "सापडलं! क्लेमंट, ये इकडे, डोळे फाडून बघ!"

क्लेमंटनं मला उलटंपालटं केलं. त्याचा चेहरा पडला. "जुनं आहे खरं. जिंकला बुवा तुझा म्हातारा. लिहितो त्याचं."

डल्सीला हसू आवरेना. पण हसता हसता तिचा अंगठा माझ्या कडेवरून फिरला आणि तिथेच थांबला. गावाच्या सभागृहात बसून तिनं उत्खननात निघालेली अशी खापरं वर्षानुवर्षं धुतली होती.

"थांब," ती म्हणाली. "ही इथल्या घरातली नाही. शेणाबरोबर आलीय."

"कशावरून?"

"कडा बघ ना. घराच्या जागी सापडतात त्यांना धार असते. ही नांगराखाली झिजलीय. इथे शेत होतं, क्लेमंट. घर नव्हतं."

"अगं बाई, गप्प बसली असतीस तर मला कळलंही नसतं!"

"मला कळलंय ना."

इथे माझी मती गुंग झाली. जिंकलेली बाई आपणहून हरली? कोणी मागितलं होतं का? एमट असती तर हॅमोसाठी जगाशी खोटं बोलली असती, आणि घरी येऊन त्याला झोडपलं असतं.

बरं, गाव मुळात वसलं कुठे, ते मलाच विचारा म्हणाल, तर तेही मला माहीत नाही! मी चुलीवरून फक्त छपराचे वासे पाहिले, मग शेण पाहिलं. देवळाजवळ होतं की ओढ्याकाठी, काय सांगू? बाबांनो, मला उचललंत तर हाताळा, धुवा, पण असलं काही विचारू नका. घाबरायला होतं.

क्लेमंटनं पाटीवर देवळाजवळची जागा लिहिली. डल्सी मला धुवायला घरी घेऊन आली. स्वयंपाकघराच्या टेबलावर मला ठेवलं, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत चहा ओतला.

"चुकलास हं, विल्फ," ती म्हणाली. "जन्मभर चुकलास. आणि सगळ्यांसमोर ते मीच सांगून आले." तिनं नाक पुसलं. "आता रागवायला तरी ये ना रे."

मी दाराकडे बघत राहिले. मला वाटलं, इतकं बोलावतेय, तर येईलच तो.