वच्छलाबाईंचं माप

गुंडेरावांनी गरम पाण्यातून मापाचं मेण काढलं, पत्र्याच्या साच्यात दाबलं आणि बायकोला म्हणाले,

“आ कर.”

वच्छलाबाईंनी तोंड आणखी घट्ट मिटलं.

भालकीच्या बाजारात चाळीस वर्षं कवळ्या बसवणाऱ्याच्या घरात तोंडाचं बोळकं! दिव्याखाली अंधार म्हणून गल्ली हसून दमली होती. पण बाईंचा हेका एकच, घालीन तर लेकीच्या हातची. लेक ज्योती ऑस्ट्रेलियातल्या एका आडगावात दातांची डॉक्टर. आसपास दुसरा डॉक्टर नाही, त्यामुळं पाच वर्षांत येणं नाही. काल फोनवर तिनंच तोड काढली होती.

“अप्पा, माप घेऊन पाठवा. कवळी इथं करून धाडते. तुमचं माप म्हणजे बघायचं कामच न्हाई.”

वर तिथल्या म्हाताऱ्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या काळी दातवाला महिनोन्महिने फिरकायचा नाही. म्हणून काही घरांत लग्नाआधीच पोरीचे सगळे दात उपटून कवळी बसवून द्यायचे. पुढं नवऱ्याला खर्च नको!

“अगं बया! धडधाकट दात?” वच्छलाबाई खूप हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र डोळ्यांना पदर लावला.

“कवळी टपालानं आली, की पोरगी कामून येईल हो?”

आतडं गुंडेरावांचंही तुटतच होतं.

“आ कर गं. पोरीनं सांगितलंय,” ते आता म्हणाले.

बाईंनी तोंड उघडलं. गुंडेरावांनी साचा टाळूला दाबून धरला. मेण घट्ट होत आलं, आणि ऐन वेळी बाईंनी जिभेनं साचा एका अंगाला रेटला.

“हलायलीस कामून?”

बाईंनी नुसती मान हलवली. न्हाई तर.

गुंडेरावांनी साचा काढून उजेडात धरला. एक कड साफ फाकली होती. असल्या मापाची कवळी दोन घासही टिकत नाही. करणाऱ्यानं समोर बसून, घासून घासून ती बेतावी लागते. आणि बाई लेकीशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नव्हत्या.

मेण पुन्हा मऊ करायला कितीसा वेळ लागतो? तपेलीतून अजून वाफ निघत होती.

“बिघडलं का ओ?” वच्छलाबाईंनी हळूच विचारलं.

“न्हाई. झ्याक आलंय.”

त्यांनी पाणी मोरीत ओतलं आणि त्याच साच्यात भरायला प्लास्टर कालवायला घेतलं.