वादसभेचा माइक

मित्रांनो, मी विद्यापीठाच्या सभागृहातला जुना माइक. माझ्या जाळीला पोचा दिसतोय ना? तो कसा पडला, तेच आज सांगतो.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. इथे आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! बक्षीस समारंभ असो की व्याख्यान, माझ्यावाचून कुणाचं पान हलत नसे. जो तो बोटाने टकटक करून "हॅलो, हॅलो" म्हणे. राग यायचा, पण बरंही वाटायचं.

मग राजकारणावरच्या वादसभा सुरू झाल्या आणि माझे हाल कुत्रा खाईना. एकाचं वाक्य संपण्याआधीच दुसरा मला हिसकावी. गेल्या निवडणुकीच्या वेळी तर खुर्च्या उडाल्या आणि कुणीतरी मलाच समोरच्यावर भिरकावलं. तोच हा पोचा. माझी रवानगी कपाटात झाली आणि वादसभा बंद पडल्या.

राज्यशास्त्राच्या बाई मात्र हटून बसल्या. त्यांनी कुलगुरूंच्या नाकी नऊ आणले. शेवटी ते म्हणाले, "ही शेवटची संधी. पुन्हा गोंधळ झाला तर वादसभा कायमची बंद."

बाईंनी मला कपाटातून बाहेर काढलं आणि नवा नियम केला. मला हातात घेणाऱ्याने आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं. समोरचा "हो, हेच" म्हणाला, तरच स्वतःचं बोलायचं.

सीमेपलीकडून आलेल्या निर्वासितांना राहू द्यावं का, हा विषय होता. 'लंबू' म्हणून ओळखला जाणारा मुलगा विरोधात बोलला. त्याच्यानंतर एका मुलीने मला घेतलं. तिची आजी स्वतः तशीच आलेली.

"तुझं म्हणणं, बाहेरून आलेले सगळे चोर!"

"मी असं कुठे म्हटलं?" लंबू उसळला. मागे खुर्च्या सरकल्या.

"चुकलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "पुन्हा सांग बरं."

मुलीने मला पुन्हा तोंडाशी धरलं. "कमी मजुरीत माणसं मिळाली, म्हणून तुझ्या बाबांचं काम गेलं. आणि हे बोललास की सगळे तुलाच निर्दयी ठरवतात."

लंबू म्हणाला, "हो. हेच."

मग ती आजीविषयी बोलली. तिचं म्हणणं सांगताना लंबूही आधी चुकला, मग त्याला जमलं. मत कुणाचंच बदललं नाही, पण खुर्च्या जागच्या जागी राहिल्या. पहिल्या रांगेतून कुलगुरू म्हणाले, "पुढच्या महिन्यातही होऊ द्या."

बाईंनी आभार मानायला मला हातात घेतलं होतं. मी चालू आहे हे विसरून त्या म्हणाल्या, "हुश्श! सुटले बाई एकदाची!" सबंध सभागृहात ते घुमलं. सगळे खो खो हसले, लंबू आणि ती मुलगीसुद्धा. माझाही जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, एवढीच विनवणी आहे. कडाडून भांडा, पण समोरच्याचं ऐकून घेऊन भांडा. बंद कपाटातली शांतता मी भोगली आहे. तुमच्या भांडणाचा आवाज तिच्यापेक्षा हजारपटींनी बरा.