सासऱ्याचं नाव

आमच्या सुनेला, अनुसयेला, लाज म्हणून नाही. ती सासऱ्याचं नाव घेते. तेही हळू नाही. भाकऱ्या थापता थापता, इंग्रजीतून, दार उघडं टाकून.

कारण काय, तर क्लास. चौऱ्याहत्तर साली विणकर सोसायटीनं महाल भागात बायांसाठी इंग्रजी बोलायचा क्लास काढला, आमची लुगडी परदेशात जाणार म्हणून. शामला नावाची मास्तरीण शिकवायची. गोरं गिऱ्हाईक आलं तर मान खाली घालायची नाही, डोळ्याला डोळा द्यायचा, आणि माल दाखवताना विणणाऱ्याचं नाव सांगायचं. आमच्या घरी विणणारे कोण? ईश्वरदासचे बाबा, म्हणजे आमचे हे. माझा सारा संसार झाला, ह्यांचं नाव मी तोंडाबाहेर काढलं नाही, आणि ही कालची पोर चुलीपुढे घोकते.

मी तिला देव्हाऱ्यापुढे उभी केली आणि शपथ घातली. पुन्हा नाव घेतलं तर क्लास बंद. ती म्हणाली, मास्तरीणबाईनं सांगितलं म्हणून घेऊन राहिली, आत्याबाई. पण शपथ घेतली.

पुढच्या आठवड्यात खरंच एक गोरी बाई आली, मधुकरराव दलालाच्या मोटारीतून. एक लुगडं ती तिच्या देशात प्रदर्शनाला नेणार होती, विणकराच्या नावाची चिठ्ठी टाचून. हे उमरेडला साडूच्या तेरवीला गेलेले, ईश्वरदास मिलमध्ये पाळीवर. घरात आम्ही दोघी.

अनुसया छान बोलली, खोटं कशाला सांगू. कुठं अडली नाही. बाईनं जांभळ्या काठाचं लुगडं उचललं, तेव्हा हिनं सांगितलं की माझ्या सासऱ्यांनी विणलं. बाईनं पेन्सिल काढली आणि नाव विचारलं.

सुनेनं तोंड उघडलं. सवयीनं माझे डोळे वटारले गेले. तिनं तोंड मिटलं.

गल्लीत माझ्या तोंडाला लोक भितात, आणि मला नवऱ्याचं नाव सांगता येईना. एरवी अशी वेळ आली तर शेजारच्या कोणालाही हाक मारून सांगायला लावते. त्या दिवशी जवळ होता तो मधुकरराव. मी त्यालाच खूण केली. त्यानं घसा खाकरला आणि नाव सांगितलं. स्वतःचं.

बाईनं लिहून घेतलं. तिला वाटलं, आपल्याला घरी घेऊन आला तोच सासरा. मग तिनं त्याला आणि मला हातानं खुणावलं, जवळजवळ उभे राहा, फोटो काढते. तो आला की बाजूला. आणि मी उभी राहिले. डोक्यावर पदर घेऊन, परक्या माणसाला खेटून, माझ्या नवऱ्याचं लुगडं मधे धरून.

संध्याकाळी हे आले. कोणतं नेलं म्हणून विचारलं. मी जांभळं म्हटलं. हे खूश होऊन अंगणात बसले, शेजाऱ्याला सांगू लागले की आता आपलं नाव कुठच्या कुठं जाणार. मी चूल फुंकत बसले. डोळे पुसायला धुराचं निमित्त होतं.

अनुसया येऊन उभी राहिली, मान खाली. म्हणे, मी बोलाले पायजे होतं, आत्याबाई.

मी तिची हनुवटी वर केली. अंगणात ह्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं,

"तुयी चूक एकच झाली वं, अनुसया. मास्तरणीचं सोडून तू मायं ऐकलं."