पट्टीचं उजवं टोक

घरात तिला थोरली म्हणायचे, म्हणून आपणही थोरलीच म्हणू. ऑफिसात पाठीमागे तिला काय म्हणायचे ते तिला चांगलं ठाऊक होतं, पण ते इथे सांगायची गरज नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असल्या लोकांना आपण कशाला मोठं करायचं?

थोरली गेम बनवणाऱ्या एका कंपनीत ग्राफिक्स प्रोग्रामर होती. पडद्यावरच्या माणसावर उजेड कसा पडतो, त्याचा शर्ट कुठे चुरगळतो, हे सगळं गणितात बसवून कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं, हे तिचं काम. नव्या गेममध्ये खेळणाऱ्याने आपलं शरीर आपणच घडवायचं होतं. उंचीची एक पट्टी, वजनाची एक. वजनाच्या पट्टीवरचं बटण उजवीकडे सरकवलं की पडद्यावरचा माणूस जाड होत जायचा.

जाड कसला, डोंबल! टीममधल्या पोरांनी एक सडपातळ पुतळा घेऊन तोच चहूबाजूंनी फुगवला होता. उभा होता तोवर ठीक. खुर्चीत बसवला की पोट मांड्यांतून आरपार आणि हात कमरेत घुसलेले. पोरं हसून हसून लोळली.

"जाड माणसं बसतात तरी कशी, देव जाणे!" शेजारच्या टेबलावरचा चष्मिष्ट म्हणाला. मग थोरलीकडे लक्ष गेलं आणि त्याचा चेहरा पडला.

"देवाला कशाला त्रास? मला विचार की. इथेच बसलेय."

आणि तिने करूनच दाखवलं. ऑफिसात एक खोली होती, भोवताली गोलात कॅमेरे लावलेली. मधोमध माणूस उभा राहिला की चारी बाजूंनी त्याचं माप घेतलं जायचं. त्या खोलीत घट्ट कपडे घालून थोरली उभी राहिली, बसली, वाकली, चालली. तेव्हा ती आयुष्यात कधी नव्हती इतकी जड होती. लाजेने जीव अर्धा झाला, पण मागे हटली नाही. बसल्यावर पोट कुठे जातं, शर्टाचं कुठलं बटण आधी ताणलं जातं, उठताना गुडघ्याला हात का लावावा लागतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पट्टीच्या डाव्या टोकाला तो सडपातळ पुतळा राहिला आणि उजव्या टोकाला थोरली. हे फक्त तिला आणि कॅमेरे चालवणाऱ्या चष्मिष्टाला माहीत होतं.

पुढे तो गुडघाच कुरकुरायला लागला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "भार कमी करा, नाहीतर काठी घ्या." थोरलीने मनावर घेतलं. सकाळी चालायला जायची, ताटात मोजकं वाढून घ्यायची. आईने साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवला, जणू थोरलीला स्टुलावर चढता येत नव्हतं! चिडचिड व्हायची, रडूही यायचं, एखाद्या दिवशी अख्खा केक पोटात जायचा. पण वजन हळूहळू उतरलं. आणि ज्यांनी जन्मात कधी कामाला छान म्हटलं नव्हतं, ते तिच्या कमरेला छान म्हणू लागले.

एक दिवस साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"गेम विकत घेणारी मंडळी येतायत. स्टेजवर तू दाखव. आता कशी छान दिसतेस! नीट पार पडलं तर टीमची प्रमुख तूच."

हे ऐकायला तिने किती वर्षं वाट पाहिली होती!

"फक्त एक कर," साहेब म्हणाले. "ती वजनाची पट्टी निम्म्यात थांबव. ते शेवटचं टोक बघवत नाही गं. कुणाला व्हायचंय तसं?"

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं.

"मग थांबव की," आई म्हणाली. "हातातोंडाशी आलेला घास घालवू नकोस. आता कुठे तू तशी राहिलीयस?"

"आई, ती मीच होते गं. हे सगळं काम तिने केलंय. आणि आता तिलाच हाकलून मी स्टेजवर मिरवू?"



तो दिवस आला. सभागृहात पुढे पाहुणे, मागे घरची माणसं. थोरलीने उजेड दाखवला, कपडे दाखवले, टाळ्या घेतल्या. मग वजनाची पट्टी. बटण निम्म्यावर आलं तसा पहिल्या रांगेतून साहेबांनी हात वर केला, बस! थोरलीने त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बटण पार उजव्या टोकाला नेलं.

"ही मी आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षीची. मी बारीक होतेय ती माझ्या गुडघ्यासाठी. हिची लाज वाटते म्हणून नाही."

तिने आकृतीला खुर्चीत बसवलं. पोट मांडीवर अलगद टेकलं, शर्टाचं बटण ताणलं पण तुटलं नाही. मग आकृती गुडघ्याला हात लावून उठली.

"अगं बाई, अगदी तश्शीच उठते!" मागून आईचा आवाज आला. सगळे हसले, आणि त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती.

पाहुण्यांमधल्या एक चांगल्या धिप्पाड बाई दोन्ही हातांवर जोर देऊन उभ्या राहिल्या. "पट्टी इथेच संपते? मी यात बसत नाही. अजून पुढे नेता येईल?"

"येईल की. कॅमेऱ्यांच्या खोलीत तुम्ही उभ्या राहाल?"

"राहीन!"

कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी तिला जिन्यात गाठलं. "प्रमुखपद विसर."

"विसरले. पण पट्टी कापणार असाल, तर त्या बाईंना तुम्हीच सांगा हं."

पट्टी कुणी कापली नाही. प्रमुख मात्र चष्मिष्ट झाला, आणि थोरलीला ते लागलं, चांगलंच लागलं. उगाच खोटं कशाला बोला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चालून घरी आली तेव्हा साखरेचा डबा ओट्यावर होता. आई पाठमोरी उभी राहून उगीचच भांडी लावत होती. थोरलीने डबा उघडला, चहात अर्धा चमचा साखर घातली आणि झाकण आपल्या हाताने लावलं.