अल्सरची गोळी

सत्त्याण्णव साली वाशीच्या कॉलेजच्या अंकात सईच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. कथेतल्या बापाला कॅन्सर असतो आणि घरचे त्याला अल्सर म्हणून सांगत राहतात. नावं बदलून तिने घरचंच लिहिलं होतं, म्हणून अंक गादीखाली दडवला. पण सोसायटीत पेढे वाटायला कोण निघालं, तर तिचे वडील, अण्णाच! येताना ते तिच्या मैत्रिणीकडून अंक घेऊन आले आणि एका बैठकीत वाचून मोकळे झाले.

"शेवटी त्याला कळतं का गं?" त्यांनी विचारलं.

सई म्हणाली, "नाही."

"बरं केलंस. आईला सांगू नकोस, मी वाचली म्हणून."

तेवढ्यात आई पाणी घेऊन आली. "अहो, अल्सरची गोळी."

अण्णांनी ती निमूट गिळली. "गुण येतोय हं," ते म्हणाले, "आज बरंच बरं वाटतंय."