दुरुस्त करून पुढे

लेखनाच्या बाईंनी मोबाइलवर आलेला मजकूर वर्गातल्या पडद्यावर मोठा केला आणि टेबलाला टेकून तो मोठ्याने वाचला.

“‘घरात लांब, केसासारख्या बारीक पायांचा कोळी दिसला, तर त्याला गरीब समजू नका, त्याचा नुसता स्पर्शही पुरेसा असतो. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. तिसऱ्या दिवशी कातडी सोलून निघू लागते. आपल्या माणसांसाठी एवढं करा : आजच घराचे कोपरे तपासा.’”

मागच्या बाकावर कुणीतरी कराकरा दंड खाजवला आणि वर्गात हशा पिकला.

“हसा,” बाई म्हणाल्या. “यातलं एक अक्षर खरं नाही. तरी मला हा मजकूर सात जणांनी पाठवला. त्यात माझी सख्खी बहीण आहे, आणि ती दातांची डॉक्टर आहे! ज्यानं कुणी हे लिहिलंय, त्याला लिहिता येतं. तुम्हाला येतं का, ते आता बघू.”

काम सोपे वाटत होते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या एका खोट्या मजकुराला दीडशे शब्दांत उत्तर लिहायचे; ते शास्त्राला धरून हवे, त्यात कुणाचा अपमान नको आणि लोकांनी ते आपणहून पुढे पाठवले पाहिजे. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला दहा गुण कमी.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीने यातले निम्मेच ऐकले. घरी तिला सगळे ठमी म्हणत. ती प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि नेमक्या याच कोळ्यांच्या जाळ्यात काय काय सापडते हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्यात तिचे सहा महिने गेले होते. खरे तर तिने चवताळून उठायला हवे होते. पण तिचे डोळे ‘करा’ या शब्दापुढच्या दोन टिंबांवर खिळले होते. टिंबांच्या आधी एक जागा सोडलेली होती. मोबाइलवर लिहिताना अशी जागा सोडणारा एकच माणूस तिला ठाऊक होता. ती नऊ वर्षांची असताना त्यानेच तिला समजावले होते, “टिंबं अक्षराला चिकटवलीस की त्याचा विसर्ग होतो, ठमे. मग वाचणाऱ्यानं काय ‘कराः’ म्हणायचं?”

तो माणूस म्हणजे तिचे काका. शिक्षणासाठी ती त्यांच्याकडेच राहत होती.

ती घरी पोचली तेव्हा काका खिडकीशी बसून मोबाइलवर एका बोटाने काहीतरी टिपत होते. चाळीस वर्षे त्यांनी छापखान्यात मुद्रिते तपासली होती. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली, तरी शर्टाच्या खिशात लाल पेन असायचेच.

“काका, कोळ्याचा तो मजकूर तुम्ही लिहिलात?”

“लिहिला नाही. दुरुस्त केला.” त्यांनी वर न पाहताच उत्तर दिले. “काय अवस्थेत आला होता सांगू? ‘स्पर्श’ची वाट लावलेली. सगळ्या वेलांट्या उलट्या. असा मजकूर मी पुढे पाठवू?”

“म्हणजे आलेला प्रत्येक मजकूर तुम्ही—”

“दुरुस्त करूनच पुढे पाठवतो. त्याशिवाय हात धजत नाही.”

“पण ते खरं आहे का, ते बघितलंत?”

आता काकांनी वर पाहिले. प्रश्नच त्यांना नवा होता.

“ते लेखकानं बघायचं. मुद्रितशोधकाचं काम ते नव्हे.”

“लेखक कोण आहे इथे?”

काका म्हणाले, “मूळ मजकुरात ‘काही दिवसांनी’ असं होतं. ‘काही’ हा ढिसाळ शब्द. मी ‘तिसऱ्या दिवशी’ केलं.”

“तिसऱ्याच का?”

“दुसऱ्या दिवशी म्हटलं तर फार घाई वाटते. चौथ्या दिवसापर्यंत माणूस विसरतो.” बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्यावर कारागिराचे समाधान उमटले आणि ठमीकडे बघताच मावळले.

स्वयंपाकघरातून काकू हात पुसत बाहेर आल्या.

“तोच ना तो कोळ्याचा? वरच्या शिवणमावशींनी तो वाचून दारं-खिडक्या लावून घरभर फवारा मारला म्हणे. दोन दिवस खोकून खोकून आवाज बसलाय बिचारीचा. डॉक्टरांनी आठवडाभर तोंड उघडू नका म्हणून सांगितलंय. आपल्याकडे मी एक कोळी शिल्लक ठेवलेला नाही, म्हणून बरं.”

काकांनी मोबाइल उपडा करून मांडीवर ठेवला. त्या दिवशी त्यांनी तो पुन्हा उचलला नाही.

सकाळी ते चपला घालून वरच्या मजल्यावर गेले. ठमी त्यांच्यामागोमाग गेली, कारण एकट्याने जायचे त्यांच्या जिवावर आले होते आणि तसे म्हणायचेही जिवावर आले होते. शिवणमावशी मोठ्या टेबलावर काळे कापड पसरून बेतत होत्या. गळ्याला पंचा गुंडाळलेला, हातात खडू.

“मावशी,” काका उभ्या उभ्याच म्हणाले, “तो कोळ्याचा मजकूर माझ्या हातचा होता. म्हणजे मूळ दुसऱ्याचा, पण तो धड वाचता येईल असा मी केला. त्यात काही तथ्य नाही. ही शिकते त्यातलंच. तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला.”

मावशींनी त्यांच्याकडे पाहिले. मग कापडाच्या कडेला खडूने लिहिले : वाचून घाम फुटला.

काकांनी मान खाली घातली.

मावशींनी त्याखाली आणखी एक ओळ लिहिली : लिहिलं फार छान होतं.

ठमीला हसू आवरेना. मावशीही हसायला लागल्या, पण आवाज नसल्याने नुसतेच खांदे हलू लागले, आणि ते पाहून काकांनाही राहवेना. जिना उतरताना मात्र ते गंभीर झाले होते.

“उत्तर लिहायचंय म्हणालीस ना तुला? मी तपासून देतो.”

ठमीने दुपारभर बसून मजकूर तयार केला. ‘प्रस्तुत अभ्यासात असे निदर्शनास आले आहे की, सदर प्रजातीच्या संपर्कामुळे मानवी त्वचेस इजा होत असल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही.’ अशी नऊ वाक्ये होती. काकांनी लाल पेन उघडून वाचायला घेतली. पाचव्या वाक्यावर त्यांची मान कलली. ठमी बघत राहिली. पेन बोटांतून निसटून जमिनीवर पडले तेव्हा ते दचकून जागे झाले.

“शुद्धलेखन अगदी चोख आहे,” ते घाईघाईने म्हणाले.

“काका!”

“मी काय करू? चाळीस वर्षं कायद्याची पुस्तकं तपासली गं, तेव्हासुद्धा डोळा लागला नव्हता.” त्यांनी कागद बाजूला ठेवला. “बरं, मला असं सांग. तुझा हा कोळी दिवसभर करतो काय?”

ठमी सांगू लागली. जाळ्याला धक्का लागला की तो अख्ख्या अंगाने इतक्या जोरात झुलतो की दिसेनासाच होतो. डास खातो. वेळ पडली तर स्वतःपेक्षा दांडगा कोळीही गुंडाळून खातो. माणसाचे तो काही वाकडे करत नाही. आणि मादी आपली अंडी तोंडात धरून वागवते. पिल्ले बाहेर येईपर्यंत खाली ठेवत नाही.

“तोंडात?” काका सरसावून बसले. “मग खाते कशी?”

“जवळजवळ खातच नाही.”

“हे आधी का नाही लिहिलंस? हेच पहिल्या ओळीत पाहिजे!” त्यांनी पेन उचलले आणि तसेच थांबले. “तू पाहिलंयस हे?”

“शोधनिबंधात आहे.”

“ते झालं. तू पाहिलंयस का?”

ठमीने सूक्ष्मदर्शकाखाली डासांचे पंख पाहिले होते, माश्यांचे पाय मोजले होते. सगळे नमुने तिला नळ्यांत बंद होऊन मिळत. तिने नकारार्थी मान हलवली.

“मी एकदा न बघता लिहिलं. चूक मी फिरवली, तेव्हा आता या उत्तराखाली माझं नाव जाणार आहे. मी डोळ्यांनी बघेन, मगच ती ओळ जाईल.”

“काका, शुक्रवारी द्यायचंय. आज बुधवार आहे.”

“मग उठ की.”

गुरुवारी काकांनी छपाई तपासायचे भिंग आणि विजेरी घेऊन इमारत धुंडाळायला सुरुवात केली. जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, गच्चीच्या दारामागे. कोळी होते, पण अंडी नव्हती. कोळ्याच्या त्याच मजकुरामुळे लोकांनी झाडून पुसून सगळे कोपरे लख्ख केले होते. एका घरी मीटरच्या मागे वाकून बसलेल्या काकांना वीजखात्याचा माणूस समजून दोन तक्रारी ऐकवण्यात आल्या आणि त्यांनी त्या निमूटपणे ऐकून घेतल्या. शुक्रवारी पाच वाजता ठमी तळमजल्याच्या पायरीवर बसली होती. ती ओळ गाळली असती तर बाकीचा मजकूर मोबाइलमध्ये तयार होता. तिने घड्याळाकडे पाहिले, मोबाइल खिशात टाकला आणि जिन्याखाली शिरलेल्या काकांच्या पाठीवर विजेरीचा झोत धरला.

“जरा डावीकडे बघा, काका.”

शनिवारी सकाळी काकांचा आवाज ऐकू आला तो चक्क घरातूनच. ते बाथरूममध्ये स्टुलावर चढून गीझरच्या मागे विजेरी मारत उभे होते.

“ठमे! पळत ये. पळत नको, हळू ये!”

काकूंचा झाडू जिथे पोचत नव्हता तिथे, भिंत आणि गीझर यांच्यामधल्या बोटभर फटीत ती उलटी लटकत होती. आठ पाय धाग्यांसारखे पसरलेले, आणि तोंडाशी मोहरीहून लहान मण्यांचा गोल घोस. ठमी भिंगातून पाहत राहिली. प्रत्येक अंडे वेगळे दिसत होते. सहा महिन्यांत तिने या प्राण्याविषयी पाऊणशे पाने लिहिली होती आणि आता तिला एक शब्द सुचत नव्हता.

“माझ्या घरात?” दारातून काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी झाडूकडे पाहिले. मग स्टुलावर चढल्या, भिंग घेतले, आणि कितीतरी वेळ खाली उतरल्याच नाहीत.

रविवारी जाळ्यात एक डास अडकला. तिघेही श्वास रोखून बघत होते. ती झुलली, दोन पावले डासाकडे गेली, आणि तोंडातला घोस तसाच धरून परत फिरली. काकांनी तिथेच, स्टुलावर बसून, ती ओळ लिहिली. सोमवारी मजकूर बाहेर पडला.

‘लांब पायांच्या कोळ्याविषयी एक मजकूर तुम्हाला आला असेल. त्याचं शुद्धलेखन मी तपासलं होतं; खरेपणा तपासला नव्हता. “तिसऱ्या दिवशी” हे शब्द माझे, आणि ते खोटे आहेत. हा कोळी माणसाला इजा करत नाही. आमच्या बाथरूममध्ये एक मादी आहे. ती अंडी तोंडात धरून बसली आहे. काल तिच्यासमोर डास अडकला, तरी तिनं तोंड उघडलं नाही. आम्ही तिघांनी स्वतः पाहिलं. तुमच्या घरातला कोपरा झाडण्याआधी एकदा वाकून बघा.’

खाली काकांनी आपले पूर्ण नाव लिहिले. चाळीस वर्षांत शेकडो पुस्तके त्यांच्या हाताखालून गेली होती, पण त्यांचे नाव कुठेही छापून आले नव्हते. ते लिहिताना त्यांनी बोट दोनदा मागे घेतले.

बाईंनी उशिराचे तीस गुण कापले आणि आणखी चार कापून शेजारी लिहिले, “शेवटचं वाक्य माझ्या बहिणीला लागू पडलं. ती सध्या दवाखाना सोडून माळ्यावर बसली आहे. पण दीडशेतले निम्मे शब्दही झाले नाहीत.” मजकूर किती जणांपर्यंत गेला हे मोजायचे ठमीने दुसऱ्या दिवशी सोडून दिले. लोक उत्तरादाखल आपापल्या घरातल्या कोपऱ्यांचे फोटो पाठवत होते. बहुतेक फोटोंत नुसती भिंत दिसायची. काका प्रत्येक फोटो भिंगाखाली धरून बघत आणि एकेकाला उत्तर देत.

दहा-बारा दिवसांनी, सकाळच्या चहाच्या वेळी, पिल्ले बाहेर आली. काकांनी वरच्या मजल्यावर निरोप धाडला. शिवणमावशी धावतच खाली आल्या. त्यांचा आवाज नुकता परतला होता, पण बाथरूमच्या दारात त्या आपोआप कुजबुजल्या.

“किती आहेत हो?”

“सव्वीस,” काका स्टुलावरून म्हणाले. “थांबा. एक आईच्या पायामागे आहे. सत्तावीस.”

“पुन्हा मोजा,” ठमी वहीत लिहिता लिहिता म्हणाली.

भिंग एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिले. चहा निवून गेला. शेवटी काकू गर्दीतून वाट काढत आत शिरल्या, खुंटीवरचा टॉवेल आणि साबणाची डबी घेतली, आणि मावशींचा दंड धरून त्यांना जिन्याकडे घेऊन चालल्या.

“गीझर लावला की वाफ होते,” त्या म्हणाल्या. “पोरं जरा मोठी होईपर्यंत अंघोळीला मी तुमच्याकडेच.”